समुद्राचे चरित्र लिहिणारी : रेचल कार्सन

(द्वितीय वर्ष, कला)

आमचे घर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर आहे. माझे वडील रापणकर. आजोबाही रापणकर होते, आणि त्यांच्या आधीच्या पिढ्यांनी दुसरे काही केल्याचे कोणाला आठवत नाही. घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मीच पहिली. त्यामुळे समुद्राविषयी पुस्तकात वाचण्यासारखे काही असते ही कल्पना मला फार उशिरा शिवली. समुद्र म्हणजे पहाटे अंथरुणात ऐकू येणारी गाज, आईच्या डोक्यावरची माशांची पाटी आणि पावसाळ्यात झावळ्यांखाली शाकारून ठेवलेली होडी, एवढेच मला ठाऊक होते.

यंदा पर्यावरण अभ्यास या विषयासाठी आम्हां सर्वांना प्रकल्पवही लिहावयाची होती. माझ्या वाट्याला 'सागरी जैवविविधता व तिचे संवर्धन' असा विषय आला. पंधरा पाने भरायची होती. मी चार पुस्तकांतून उतारे काढले, शीर्षकांखाली रंगीत पेनाने रेघा मारल्या आणि वही सरांच्या टेबलावर नेऊन ठेवली. सरांनी ती दोन मिनिटांत चाळली व परत दिली. ह्यात समुद्र कुठेच दिसत नाही, एवढेच त्यांचे म्हणणे होते. मला मनातून राग आला. जिच्या केसांतून खाऱ्या वाऱ्याचा वास कधी जात नाही तिला हे ऐकावे लागावे! पण घरी जाऊन वही पुन्हा वाचली, तेव्हा सरांचे म्हणणे खरे असल्याचे दिसले. दुसऱ्या दिवशी त्यांनीच ग्रंथालयातून वेष्टन निघालेले एक जुने इंग्रजी पुस्तक काढून दिले. ते होते रेचल कार्सन यांचे 'द सी अराउंड अस'. शब्दकोश मांडीवर घेऊन ते वाचायला मला दिवाळीची सगळी सुट्टी लागली. पुस्तक लिहिणारी ही बाई कोण, याचा शोध घेता घेता प्रकल्प बाजूला राहिला आणि हा लेख झाला.

रेचलचा जन्म २७ मे १९०७ रोजी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात स्प्रिंगडेल या गावी झाला. हे गाव अ‍ॅलेगेनी नदीच्या काठी, समुद्रापासून शेकडो मैल आत आहे. तीन भावंडांत ती सर्वांत धाकटी. वडिलांनी ६५ एकर जमीन घेऊन ठेवली होती. गाव वाढेल, जमिनीचे तुकडे पाडून विकू, असा त्यांचा हिशेब होता; पण गिऱ्हाईक काही आले नाही. घरात नळाचे पाणी नव्हते. गावात सरस तयार करण्याचा कारखाना होता, त्याची दुर्गंधी पसरलेली असे. आई पूर्वी शिक्षिका होती आणि लग्नानंतर तिने नोकरी सोडली होती. ती मुलीला हाताशी धरून रानात नेई आणि पाखरे, किडे, फुले दाखवी. घरात सापडलेला किडा न मारता बाहेर नेऊन सोडायचा, असा त्या घरचा रिवाज होता.

समुद्र न पाहिलेल्या मुलीला समुद्राची ओढ कोठून लागली, हे सांगणे कठीण आहे. घरामागच्या टेकडीवर तिला दगडात उमटलेला माशाचा ठसा सापडला आणि येथला समुद्र गेला कोठे, हा प्रश्न तिच्या मनात बसला, असे सांगतात. वाचन मात्र अफाट होते. वयाच्या अकराव्या वर्षी, १९१८ साली, तिची पहिली गोष्ट 'सेंट निकोलस' या मुलांच्या मासिकात छापून आली. ती समुद्राची नव्हती, युद्धातल्या वैमानिकाची होती. आपण लेखिका व्हायचे हे त्याच वेळी ठरले.

१९२५ साली ती पिट्सबर्ग येथील पेनसिल्व्हेनिया महिला महाविद्यालयात दाखल झाली. फी भरण्यासाठी आईने पियानोच्या शिकवण्या घेतल्या, सफरचंदे आणि कोंबड्या विकल्या, घरातली चिनी मातीची भांडीसुद्धा विकली. हे वाचताना मी पुस्तक काही वेळ मिटून ठेवले. माझ्या पहिल्या वर्षाच्या फीसाठी आईने काय मोडले ते येथे लिहीत नाही, तिला आवडणार नाही.

रेचलचा मुख्य विषय इंग्रजी साहित्य. पुढे जीवशास्त्राचा अभ्यासक्रम घ्यावा लागला आणि तेथे तिला मेरी स्कॉट स्किंकर या प्राध्यापिका भेटल्या. त्यांच्या शिकवण्याने ती इतकी भारावली की १९२८ च्या आरंभी तिने साहित्य सोडून जीवशास्त्र हा मुख्य विषय घेतला. कॉलेजातील वडीलधाऱ्यांना हा निर्णय पसंत पडला नाही. विज्ञानात मुलींना भवितव्य काय, असे त्या काळी अमेरिकेतही सर्रास विचारले जाई. लिहिणे कायमचे सुटले, असे तिला स्वतःलाही वाटले. विज्ञान आणि लेखन हे दोन रस्ते पुढे एकाच ठिकाणी मिळतात, हे तेव्हा तिला दिसत नव्हते.

मी नेमकी उलटी आले. दहावीनंतर मला विज्ञानशाखेला जायचे होते. गुणही होते. पण विज्ञानाचे महाविद्यालय लांब, सकाळची एस. टी. वेळेवर नाही आणि प्रयोगशाळेचे शुल्क वेगळे. म्हणून कला. आर्ट्सला समुद्राचे काय काम, असे मला दोन वर्षे वाटत होते. असो.

१९२९ साली रेचल उत्तम गुणांनी पदवीधर झाली तेव्हा कॉलेजचे देणे डोक्यावर होते. वडिलांच्या जमिनीतले दोन तुकडे तिने त्यापोटी तारण लिहून दिले. त्याच उन्हाळ्यात मॅसॅच्युसेट्समधील वुड्स होल येथील सागरी जीवशास्त्र प्रयोगशाळेत तिला काही आठवडे काम करण्याची संधी मिळाली. तेथे, वयाच्या बाविसाव्या वर्षी, तिने पहिल्यांदा समुद्र पाहिला.

पुढे जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात तिने प्राणिशास्त्र घेतले. प्रबंधासाठी आधी विषारी सापांवर काम करून पाहिले, मग खारींवर, दोन्ही फसले. शेवटी माशाच्या पिल्लातील आरंभीच्या मूत्रपिंडाच्या वाढीवर प्रबंध लिहून १९३२ साली तिने एम. ए. केले. ही मंदीची वर्षे होती. आईवडील तिच्याकडेच राहावयास आले होते. ती उंदीर आणि फळमाश्यांच्या प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून राबत होती, वर्ग घेत होती आणि डॉक्टरेटचा अभ्यासही करीत होती. १९३४ साली पैशांअभावी तो अभ्यास सोडावा लागला. १९३५ मध्ये वडील वारले. डॉक्टर ही पदवी संशोधनाने तिला पुढेही कधी मिळाली नाही.

आता बाईंच्या आयुष्याला खरे वळण लागले ते रेडिओमुळे. सरकारच्या मत्स्य खात्याला समुद्रातील जीवनावर सात सात मिनिटांचे ५२ कार्यक्रम करावयाचे होते. शास्त्रज्ञांना रेडिओसाठी लिहिता येईना आणि रेडिओवाल्यांना मासे कळेनात. खात्यातील एल्मर हिगिन्स या अधिकाऱ्यांनी हे काम नोकरीच्या शोधात आलेल्या या मुलीला, तिचे लेखन न बघताच, देऊन टाकले. तिने ते चोख केले. त्याच सुमारास बाल्टिमोरच्या वृत्तपत्रात तिचे माशांवरील लेख येऊ लागले. लेखाखाली ती आर. एल. कार्सन अशी सही करी, म्हणजे वाचकाला लेखक पुरुष वाटावा. १९३६ साली सरकारी परीक्षेत ती पहिली आली आणि मत्स्य खात्यात कनिष्ठ जलजीवशास्त्रज्ञ म्हणून लागली. अशा पदावर त्या खात्यात नेमलेली ती दुसरीच स्त्री. वर्ष उलटते न उलटते तोच थोरली बहीण वारली आणि तिच्या दोन लहान मुली या पगारावर आल्या.

हिगिन्स यांनी एकदा तिला सरकारी पुस्तिकेसाठी समुद्रावर प्रस्तावना लिहावयास सांगितली. तिने जे लिहून आणले ते वाचून त्यांनी हे आपल्या उपयोगाचे नाही, पुस्तिकेसाठी दुसरे लिही आणि हे 'अटलांटिक मंथली'कडे पाठव, असे सुचविले. १९३७ च्या सप्टेंबरात तो निबंध तेथे प्रसिद्ध झाला आणि त्यातूनच पहिले पुस्तक 'अंडर द सी विंड' उभे राहिले. ते १९४१ च्या नोव्हेंबरात निघाले. डिसेंबरात पर्ल हार्बरवर बाँब पडले. युद्धाच्या धामधुमीत पुस्तकाकडे कोणाचे लक्ष जाणार? दोन हजार प्रतीही खपल्या नाहीत.

मला मात्र त्यांच्या पुस्तकांत हेच अधिक जवळचे वाटते. यात माणूस जवळपास नाहीच. किनाऱ्यावर धावणारे छोटे पक्षी, एक मॅकेरल मासा आणि तळ्यातून निघून दूर सारगासो समुद्रात अंडी घालावयास जाणारी वाम, ही त्यातली पात्रे. मॅकेरल म्हणजे आपल्या बांगड्याचा अटलांटिकमधला भाऊबंद. त्याचे नाव स्कॉम्बर. उघड्या समुद्रावर तरंगणाऱ्या अंड्यापासून त्याची कथा सुरू होते. लक्षावधी अंड्यांतून बहुतेक कोणाच्या ना कोणाच्या पोटात जातात. हा त्यातून वाचतो, वाढतो, मोठ्या माशांच्या तोंडांतून आणि मच्छिमारांच्या जाळ्यांतून वाट काढतो. मी ही गोष्ट जाळे तुणत बसलेल्या बाबांना सांगितली. त्यांनी हात न थांबवता सगळी ऐकली. त्यांची तक्रार एकच : बांगडा कधी एकटा नसतो, थव्यात असतो, मग एकट्याला नाव देऊन कसे चालेल? तक्रार बरोबर आहे. पण त्यांनी ती केली, म्हणजे गोष्ट त्यांना पटली असे मी समजते.

युद्धाच्या काळात पाणबुड्यांच्या निमित्ताने समुद्राचे संशोधन झपाट्याने वाढले. तळाची खोली ध्वनिलहरींनी मोजली जाऊ लागली, प्रवाहांचे नकाशे झाले. ही सारी कागदपत्रे कार्सन यांच्या टेबलावरून जात, कारण १९४९ पर्यंत त्या खात्याच्या प्रकाशनांच्या मुख्य संपादक झाल्या होत्या. दिवसा कचेरी, रात्री स्वतःचे लिखाण, घरी आई आणि भाच्या. अशा रात्रींतून 'द सी अराउंड अस' लिहिले गेले.

पुस्तकासाठी समुद्रावर जाणे भाग होते. फ्लोरिडात त्या एकदा डोक्यावर धातूचा टोप चढवून शिडीवरून पाण्याखाली उतरल्या. मग १९४९ च्या जुलैत खात्याच्या 'अल्बाट्रॉस ३' या संशोधन नौकेवरून जॉर्जेस बँक या मासेमारीच्या प्रसिद्ध उथळ भागाकडे निघाल्या. त्या नौकेवर तोपर्यंत बाई चढली नव्हती. पन्नास पुरुषांत एक बाई पाठवणे खात्याला अशक्य वाटले. दोन बाया मात्र चालतील असे ठरले! म्हणून त्यांच्या साहित्यिक प्रतिनिधी मेरी रोडेल सोबत गेल्या. दहा दिवस ती नौका तळाचे जाळे ओढत ठिकठिकाणी मासे वर काढीत होती आणि शास्त्रज्ञ जातवार मोजणी करीत होते. डेकवर ओतलेल्या त्या ढिगात मासे, तारामासे, खेकडे, स्पंज असा समुद्राच्या तळाचा सारा संसारच पडलेला असे.

'द सी अराउंड अस' जुलै १९५१ मध्ये प्रसिद्ध झाले आणि जे घडले ते कोणाच्या ध्यानीमनी नव्हते. न्यूयॉर्क टाइम्सच्या खपाच्या यादीत ते ८६ आठवडे राहिले. राष्ट्रीय ग्रंथ पुरस्कार मिळाला. अनेक भाषांत अनुवाद झाले. पहिले, पडून राहिलेले पुस्तक पुन्हा छापले गेले आणि तेही यादीत चढले. लेखक पुरुषच असणार असे धरून पुष्कळांनी पत्रे लिहिली. या पुस्तकावरील माहितीपटाला ऑस्कर मिळाले. पण त्यातील शास्त्रीय चुकांनी बाई इतक्या वैतागल्या की पुन्हा कोणत्याही पुस्तकाचे चित्रपटाचे हक्क त्यांनी विकले नाहीत. १९५२ साली त्यांनी नोकरी सोडली आणि मेन राज्यातील साउथपोर्ट बेटावर, खडकाळ किनाऱ्यावर, एक छोटे घर बांधले.

याच किनाऱ्यावर 'द एज ऑफ द सी' हे तिसरे पुस्तक तयार झाले. ते १९५५ साली निघाले. खडकाळ किनारा, वाळूचा किनारा आणि प्रवाळाचा किनारा असे त्याचे तीन भाग. एखादा जीव कोणता हे सांगून ते थांबत नाही; तो तेथेच का राहतो हे ते सांगते. भरतीची रेघ, ओहोटीची रेघ, लाटेचा मार, उन्हाचा ताप यांप्रमाणे खडकावर वरपासून खालपर्यंत जीवांचे जणू मजले असतात. आमच्या खडपावरही असेच आहे. वर कोरड्यात बारीक गोगलगायी, मग कालवे, खाली सदा ओल्या भागात शेवाळ आणि कुर्ल्या. कालवे काढायला आईबरोबर मी लहानपणापासून जाते. कोणते कोठे मिळते हे पायांना ठाऊक आहे. त्याला काही कारण असेल असे मात्र पुस्तक वाचेपर्यंत कधी वाटले नव्हते.

पुस्तकाची चित्रे बॉब हाइन्स या खात्यातील चित्रकाराची. मेनचे पाणी बर्फासारखे. कार्सन ओहोटीच्या डबक्यात इतका वेळ उभ्या राहत की पाय बधिर होऊन बाहेर पडता येत नसे आणि हाइन्सना त्यांना उचलून आणावे लागे. बादलीतून आणलेले जीव सूक्ष्मदर्शकाखाली पाहून, चित्र काढून झाले की रात्री, हातात बत्ती घेऊन, जेथून आणले तेथे परत सोडून येण्याचा त्यांचा नेम होता. पुष्कळदा घरात पाहुणे असले तरी तो नेम मोडत नसे.

येथे एक गोष्ट मला आवर्जून सांगायची आहे. १९५१ च्या पुस्तकात कार्सन यांचा असा विश्वास दिसतो की माणसाने जमिनीची जी दशा केली ती समुद्राची त्याला करता येणार नाही. समुद्र फार मोठा आहे. आमच्या वाडीतही वडीलमाणसे असेच मानतात. पण १ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने बिकिनी बेटावर हायड्रोजन बाँबची चाचणी केली. दूरवर मासेमारी करणाऱ्या एका जपानी नौकेवर पांढरी राख पडली, तिच्यावरील २३ जण आजारी पडले आणि जपानच्या बाजारात आलेल्या ट्यूना माशांत किरणोत्सार आढळला. अणुभट्ट्यांचा कचरा पिंपांत भरून समुद्रात टाकण्याचीही प्रथा पडली होती. १९६१ साली 'द सी अराउंड अस'ची नवी आवृत्ती निघाली तेव्हा कार्सन यांनी नवी प्रस्तावना जोडली आणि समुद्राला धक्का लागू शकत नाही हा समज भाबडा ठरल्याचे स्वतःच लिहिले. पाण्यात विरळ झालेले विष सूक्ष्म वनस्पती शोषून घेतात, त्या खाणाऱ्या जीवांत ते साठते, त्यांना खाणाऱ्या माशांत आणखी साठते, ही साखळी त्यांनी मांडली. जगभर गाजलेल्या आपल्याच पुस्तकातील मत खोडायला केवढे मन लागत असेल! किरणोत्सारी कचरा समुद्रात टाकण्यावर संपूर्ण आंतरराष्ट्रीय बंदी यावयास १९९३ साल उजाडले.

हीच साखळी त्यांच्या शेवटच्या व सर्वांत गाजलेल्या 'सायलेंट स्प्रिंग' या पुस्तकाचा कणा आहे. त्याविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून मी पाण्यापुरतेच सांगते. कॅलिफोर्नियातील क्लिअर लेक या तळ्यात चिलटे मारण्यासाठी १९४९ पासून तीनदा डी. डी. डी. टाकले. पहिल्या वेळी प्रमाण सात कोटी भाग पाण्याला एक भाग. पण मासे खाणारे ग्रीब पक्षी मरू लागले, तेव्हा त्यांच्या चरबीत दहा लाखांत १,६०० भाग एवढे विष सापडले. एक हजारांवर असलेल्या ग्रीबच्या जोड्या १९६० पर्यंत तीसच्या आसपास उरल्या. फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर १९५५ साली वाळूमाश्यांच्या अळ्या मारण्यासाठी सुमारे २,००० एकर खाजणावर डिल्ड्रिन फवारले. मासे मेले ते सुमारे अकरा लाख पंचाहत्तर हजार, निदान तीस जातींचे, आणि खेकडेही त्यांच्याबरोबर गेले. खाजण म्हणजे माशांचे बाळंतघर. पिल्ले तेथेच वाढतात. एका किड्यासाठी तीस जातींचा बळी जातो, कारण तेथे कोण राहते हे फवारण्यापूर्वी कोणी विचारलेच नव्हते. जैवविविधता हा शब्द तेव्हा प्रचारात नव्हता; तो १९८० नंतरचा. पण समुद्रात काय काय आहे हे आधी मोजून ठेवल्याशिवाय काय गेले हे कळत नाही, ही गोष्ट मला येथे उमगली. माझ्या पंधरा पानांत ती कोठेही नव्हती.

हे पुस्तक लिहिताना बाईंच्या घरात काय चालले होते? १९५७ मध्ये भाची वारली आणि तिचा पाच वर्षांचा मुलगा रॉजर याला पन्नाशीच्या कार्सन यांनी दत्तक घेतले. १९५८ च्या डिसेंबरात आई गेली. १९६० च्या एप्रिलमध्ये त्यांच्या स्तनाच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया झाली आणि डॉक्टरांनी खरे निदान त्यांच्यापासून लपवले. ते कळले तोवर रोग पसरला होता. आजाराची बातमी त्यांनी बाहेर फुटू दिली नाही. कर्करोग झालेली बाई रसायनांना दोष देते, असे विरोधकांनी म्हणावयास नको होते.

विरोधकांनी काही कमी केले नाही. २७ सप्टेंबर १९६२ रोजी पुस्तक बाहेर पडले. त्याआधीच एका रसायन कंपनीने प्रकाशकांना खटल्याची धमकी दिली होती. बाईंना डॉक्टरेट नाही, बाई अविवाहित, तिला पुढच्या पिढीची काय काळजी, इथपर्यंत मजल गेली. पण राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या शास्त्रीय सल्लागार समितीने मे १९६३ च्या अहवालात त्यांचे म्हणणे बव्हंशी मान्य केले. ४ जूनला त्या सिनेटच्या उपसमितीपुढे साक्षीला बसल्या. डोक्यावर टोप होता, कारण उपचारांनी केस गेले होते, आणि चालणे कष्टाचे झाले होते. ऐकणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना हे माहीत होते.

माझ्या आजीला मी हे सांगितले तेव्हा तिने मान हलवली. तिला लहानपणी घराच्या भिंतींवर डी. डी. टी. फवारायला येणारी माणसे आठवतात. हिवतापाने तिचा पाठचा भाऊ गेला होता. फवारणी सुरू झाल्यावर वाडीत ते मरण थांबले. तिचे म्हणणे मला टाकता येत नाही. स्वातंत्र्याच्या सुमारास आपल्या देशात वर्षाला सुमारे साडेसात कोटी लोकांना हिवताप होई आणि आठ लाख मरत. १९५३ साली राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि १९६५ पर्यंत हा आकडा लाखाच्या आसपास आला. पण कार्सन यांनी रोगनिवारणाला विरोध केलाच नव्हता. विष अंदाधुंद वापरले तर किडे त्याला सरावतात आणि खरी गरज पडेल तेव्हा औषध लागू पडत नाही, हेही त्यांनी लिहून ठेवले होते. १९७६ साली आपल्याकडे हिवतापाचे रोगी पुन्हा ६४ लाखांवर गेले. त्याला अनेक कारणे होती, पण औषधाला सरावलेले डास हे त्यांतले एक होते. आजीला मी हे समजावले. तिला पटले की नाही ते तिने सांगितले नाही.

रेचल कार्सन १४ एप्रिल १९६४ रोजी मेरीलँडमधील सिल्व्हर स्प्रिंग येथे, वयाच्या ५६ व्या वर्षी वारल्या. रॉजर तेव्हा बारा वर्षांचा होता. त्यांच्या रक्षेचा काही भाग आईच्या शेजारी पुरला आणि उरलेला डोरोथी फ्रीमन या मैत्रिणीने साउथपोर्ट बेटावरच्या खडकांवरून समुद्राच्या स्वाधीन केला. अमेरिकेत डी. डी. टी.वर १९७२ साली बंदी आली. आपल्याकडे शेतीसाठी त्याच्या वापराला १९८९ साली मनाई झाली. १९८० साली त्यांना मरणोत्तर राष्ट्राध्यक्षांचे स्वातंत्र्यपदक मिळाले. स्किंकरबाईंचे राहिलेच : १९४८ साली त्या मरणशय्येवर असताना कार्सन सगळी कामे टाकून शिकागोला त्यांच्याजवळ गेल्या होत्या.

ज्या जॉर्जेस बँकेवर त्यांनी १९४९ साली जाळ्यातले ढीग पाहिले, तेथील कॉड मासा पुढे इतका ओरबाडला गेला की डिसेंबर १९९४ मध्ये त्या बँकेचा मोठा भाग मासेमारीला बंद करावा लागला. ढीग केवढे कमी झाले हे सांगता आले ते 'अल्बाट्रॉस ३'सारख्या नौकांवर बसून कोणीतरी आधी मोजून ठेवले होते म्हणून. २००० ते २०१० या दशकात ऐंशीहून अधिक देशांतील सुमारे २,७०० शास्त्रज्ञांनी जगभरच्या सागरी जीवांची गणना केली. ५४० मोहिमा झाल्या.

आमच्या वाडीच्या समुद्राची मोजदाद कोणी करून ठेवली आहे का, ते मी ग्रंथालयात शोधले. तेथे तरी सापडली नाही. म्हणून नवी वही घातली आहे. रापण ओढली की बाबा एकेक मासा हातात घेऊन नाव सांगतात, मी तारीख घालून लिहिते. पेडवे, बांगडे, सौंदाळे, कर्ली, लेप, मोरी, वागळी, मुडदुशी, तांबोशी, शेवंड. आतापर्यंत त्रेचाळीस नावे झाली. वहीच्या मागच्या बाजूला वेगळे पान आहे. त्यावर फक्त आजीने सांगितलेली नावे येतात. ती लग्न होऊन आली त्या वर्षी रापणीत करवतीसारख्या तोंडाचा मासा आला होता आणि तो बघायला सारी वाडी किनाऱ्यावर लोटली होती. बाबांनी तो लहानपणी एकदाच पाहिला. मी पाहिलेला नाही. त्या पानावर सध्या पाच नावे आहेत. प्रकल्पवही सरांना अजून द्यावयाची आहे. त्यांनी मुदत मार्चपर्यंत वाढवून दिली आहे.